टरफलं कोणी उचलायची?

दर १ ऑगस्टला पुण्यातल्या शाळांमधे एक ठरलेला कार्यक्रम असतो. चौथीतला एखादा पोरगा डोक्यावर पुणेरी पगडी चढवून माइकसमोर उभा राहतो आणि शेंगा मी खाल्ल्या नाहीत तर टरफलं का उचलू, हे छाती फुगवून सांगतो. टाळ्या! बाई पाठ थोपटतात. टिळकांची ही गोष्ट खरी की दंतकथा ते जाऊ दे. मला एवढंच सांगा, त्याच पोराने २ ऑगस्टला वर्गात "बाई, कचरा मी नाही केला, मी नाही उचलणार" म्हटलं तर काय होईल?

पूर्वी धपाटा बसायचा. शिक्षणहक्क कायदा आल्यापासून, म्हणजे २०१० पासून, त्यावर बंदी आली. त्यामुळे आता डायरीत शेरा येतो. शेरे साठले की पालकांना बोलावणं येतं आणि त्यात कोणीतरी हळूच म्हणतं, "ओडीडी वाटतोय." म्हणजे ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर. मोठ्यांना सतत विरोध करण्याचा विकार.

आता हा विकार खरा आहे का? आहे. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं, दोन ठेवून दिल्या की झालं" म्हणणाऱ्या काकालोकांनी इथेच थांबावं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत तो १९८० पासून आहे. आठ लक्षणं आहेत: पटकन भडकणं, सतत चिडलेलं असणं, हुज्जत, नियम धुडकावणं, मुद्दाम डिवचणं, खापर दुसऱ्यावर फोडणं, डूख धरणं वगैरे. (आमच्या ऑफिसातले निम्मे टीम लीड यात बसतील, असो.) यातली किमान चार, किमान सहा महिने, त्या वयाच्या मुलांच्या मानाने फारच जास्त, आणि तीही फक्त भावंडांशी भांडताना नाही. शिवाय त्यापायी मुलाचे किंवा घरच्यांचे खरोखर हाल होत असले पाहिजेत. ज्या घरात हे चालतं तिथे रोजचा दात घासण्याचा कार्यक्रम म्हणजे पानिपत असतं.

पण शाळांना जे सोयीस्कर नाही ते पुढेच आहे. या विकारावर अशी खास गोळी नाही. सोबत एडीएचडी असेल तर त्याची औषधं मिळतात, तेवढंच. मुख्य उपचार म्हणजे आईबापांचं प्रशिक्षण! जेराल्ड पॅटरसन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने हा लूप नीट उलगडून दाखवला होता. आई सांगते, पोरगं किंचाळतं, आई दमून सोडून देते. पोराला कळलं, किंचाळलं की सुटका होते. पुढच्या वेळी आई त्याच्यावर किंचाळते, पोरगं गप्प होतं. आता आईलाही तेच कळलं. दोघं एकमेकांना ट्रेनिंग देत बसतात आणि आवाज वाढत जातो. म्हणजे बिघाड दोघांच्या मधे आहे आणि लेबल मात्र एकाच्याच कपाळावर, जो चार फूट उंच आहे त्याच्या.

आमच्या सोसायटीतल्या एका आठ वर्षांच्या मुलाच्या घरी असंच बोलावणं आलं. शाळेचं नाव नको. त्याच्या आईने डायरी दाखवली. अकरा शेरे, सगळ्यांत एकच वाक्य: "उद्धटपणे वागतो." कधी, कोणाशी, काय झाल्यावर? काही नाही. असा बग रिपोर्ट मला कोणी पाठवला तर मी तो वाचून लगेच परत पाठवीन. आम्ही तारखा टाइमटेबलशी लावून बघितल्या. अकरापैकी नऊ दिवशी इंग्रजी वाचनाचा तास होता. पोराला वाचताच येत नव्हतं हो! सगळ्या वर्गासमोर ढ ठरण्यापेक्षा उद्धट ठरलेलं त्याला परवडत होतं. २००७ मधे 'तारे जमीन पर' बघून आपण सगळे रडलो होतो ना?

बुधवार पेठेत दगडूशेठसमोर भिडेवाडा होता. १८४८ मधे फुल्यांनी तिथे मुलींची शाळा काढली. स्मारकासाठी तो वाडा डिसेंबर २०२३ मधे पाडला. फुल्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदाएक वर्षांच्या मुलीने १८५५ मधे मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, धर्माच्या नावावर माणसाला पशूहून हीन ठरवणाऱ्यांना त्यात थेट जाब विचारला, आणि तो 'ज्ञानोदय'मधे छापून आला. मोठ्यांशी हुज्जत? हो. नियम धुडकावणं? हो. फॉर्मवर टिक होतील. तिचं म्हणणं बरोबर होतं का, हा रकाना फॉर्मवर नाही.

म्हणून प्रत्येक हट्टी कार्टं मुक्ता किंवा टिळक असतं असं नाही. "आमचा बंड्या ना, अगदी टिळकांवर गेलाय" म्हणत त्याला मदतीपासून दूर ठेवणारे बापही मला तितकेच डोक्यात जातात. पण निदान करायचंय तर ते डॉक्टरने करावं, मुलाचं वाचन, कान, झोप, घर आणि वर्ग सगळं तपासून. वर्गशिक्षिकेने किंवा मुख्याध्यापकांनी नव्हे.

आणि "याला दुसऱ्या शाळेत बघा" असं कोणी गोड शब्दांत सुचवलं तर शिक्षणहक्क कायद्याचं कलम १६ वाचा. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, तेवढं बघून घ्या). मीटिंगला जाताना डायरी, टाइमटेबल आणि या कलमाची एक प्रिंट बरोबर न्या, आणि जे म्हणायचंय ते लेखी द्या म्हणून सांगा.