मालक कोण?

आपल्या भाषेत ‘मालक’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याला मालक म्हणत, गडी शेतधन्याला म्हणत, आणि कुत्रे पाळणाराही मालकच. त्याने आवाज चढवायचा आणि इतरांनी मान खाली घालायची, हा अर्थ तिन्ही ठिकाणी गृहीत होता. पहिल्या दोन ठिकाणी तो आता बराच सैल झाला आहे. कुत्र्याच्या बाबतीत मात्र शाबूत आहे. घरात पिल्लू आले, की आठवड्याच्या आत कुणीतरी काका-मामा बजावतातच, ‘‘आधी दाखवून द्या मालक कोण ते, नाहीतर डोक्यावर बसेल.’’ दाखवून द्यायचे म्हणजे वर्तमानपत्राची सुरळी हाणायची, मानगूट धरून उताणे पाडायचे, खाता खाता पुढचे भांडे ओढून घ्यायचे.

गेली तीसेक वर्षे आमच्या घरात कुत्री आहेत. त्या जोरावर मी म्हणते, की घरात कुत्र्याला नियम घालून देणारे कुणीतरी हवेच. पण ते मोठेपण मारून मिळत नाही.

या सल्ल्यामागे एके काळी शास्त्र होते, हे मान्य केले पाहिजे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझल येथील प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास 1947 साली प्रसिद्ध केला. बंदिस्त जागेत एकत्र कोंडलेले ते लांडगे वरचढपणासाठी भांडत. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाच्या 1970 सालच्या पुस्तकाने ही कल्पना सर्वदूर नेली आणि लांडग्याचा न्याय कुत्र्याला लागला. पुढे मेक यांनी 1986 पासून कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांमध्ये अनेक उन्हाळे घालवले. तिथे कळप म्हणजे बहुधा आई, बाप आणि त्यांची पिल्ले, असे एक कुटुंबच निघाले. पुढारी कुणी लढून झालेला नव्हता, तो पिल्लांचा बाप होता. 1999 साली त्यांनी तसे लिहिले, आणि आपले जुने पुस्तक छापणे थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले. ते 2022 मध्ये थांबले. आमच्या काका-मामांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली नाही.

शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. हजारो वर्षे तो माणसाच्या उंबऱ्याशी राहिला आहे. आपल्या चेहऱ्याकडे आणि हाताकडे पाहत तो शिकतो, आणि गोंधळतो तोही आपल्याचमुळे. आपल्या घरांत चालते काय? बाबा म्हणतात ‘सीट’, आई म्हणते ‘खाली बस’, धाकटा म्हणतो ‘ए, बैस ना रे’. सोफ्यावर चढायचे नाही हा बाबांचा नियम, आणि रात्री लेकीच्या पांघरुणात त्याची जागा राखीव. जेवताना त्याला काही द्यायचे नाही असे ठरते, पण आजीचा हात टेबलाखालून पोळीचा तुकडा पुढे करतोच. अशा घरात कुत्रा ऐकत नाही म्हणून त्याला बोल कसा लावायचा? ऐकायचे कुणाचे, हेच त्याला कुणी सांगितलेले नाही.

दुसरी गफलत वेळेची. दुपारी चप्पल कुरतडली आणि संध्याकाळी मार बसला, तर कुत्रा त्याचा संबंध चपलेशी लावत नाही. आपण घरी येण्याशी लावतो. ‘‘पण बघा ना, चेहरा कसा अपराधी करतो!’’ असे पुष्कळजण सांगतात. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली हेच तपासून पाहिले. कुत्र्याने आगळीक केलेली असो वा नसो, तो चेहरा मालक रागावले की जास्त दिसला. आपण ज्याला पश्चात्ताप समजतो, ते बोलणी खाण्याचे भय असते.

हे सारे हसण्यावारी नेण्यासारखे असते, तर मी लिहायला बसले नसते. गुरगुरणे हा कुत्र्याचा इशारा असतो, ‘आता दूर व्हा’ असा. गुरगुरला म्हणून ज्याला दरवेळी मार बसतो, तो इशारा द्यायचे सोडतो आणि एक दिवस थेट चावतो. पुष्कळदा समोर घरातले लहान मूल असते. मग ‘चावरा निघाला’ म्हणून त्याला गाडीत घालून लांब कुठेतरी सोडून येतात. प्राण्याला विनाकारण मारणे आणि उपाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणे, दोन्ही 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. शांत कुत्रा अचानक चावरा झाला, तर आधी पशुवैद्याकडे न्यावे. पुष्कळदा त्याचे कुठेतरी दुखत असते.

मग मालकी गाजवायची कशी? खाणे ठरल्या वेळी आणि फिरणेही ठरल्या वेळी. एका कामाला एकच शब्द, तोही घरातल्या सर्वांचा. भांडे खाली ठेवण्याआधी त्याने बसायचे, बसला की लगेच शाबासकी. अंगावर उडी मारली तर पाठ फिरवायची, चारी पाय जमिनीवर टेकले की जवळ घ्यायचे. तो खात असताना मुलांनी त्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, हा नियम मुलांसाठी. यात धाडस काहीच नाही, चिकाटी मात्र भरपूर लागते. हे नियम कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवावेत. कुत्र्याला वाचता येत नाही, पण आजीला येते.