पुष्कळांचे सुख आणि मुळशीची भातखाचरे

पौर्वात्य तत्त्वज्ञान आत्म्याचे व पाश्चात्य तत्त्वज्ञान पोटाचे, अशी सोयीस्कर वाटणी करण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. लोकमान्य टिळकांनी ती इतक्या आळसाने केली नव्हती. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त त्यांनी मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन या सर्वांना वादात ओढले, ग्रीनची नीतिमीमांसा गीतेच्या अध्यात्मपक्षाला जवळची आहे, हेही मोकळेपणाने मान्य केले. (टिळकांचा जयघोष करणाऱ्यांपैकी किती जणांनी ही पाने उलटली असतील, कोण जाणे.)

त्यांचा खरा रोख होता तो ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या बेंथॅम-मिलप्रणीत सूत्रावर. त्यांनी दिलेला दाखला अमेरिकेतील एका शहराच्या ट्रामचा आहे. परवानगी लवकर मिळावी म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली. ट्राम झाली, नागरिकांची सोय झाली, तरी तो न्यायालयात दोषीच ठरला. सुखाची बेरीज तर वाढली, मग दोष कशात? टिळकांचे उत्तर : कर्त्याच्या बुद्धीत. जॉन रॉल्सने १९७१ मध्ये याच सूत्रावर निराळ्या बाजूने हल्ला चढविला. ही बेरीज माणसामाणसांतील वेगळेपणच पुसून टाकते. एकाचा तोटा दुसऱ्याच्या लाभाने भरून निघाला असे मानते, असा त्याचा आक्षेप. प्रकल्पांच्या लाभ-व्ययाच्या कोष्टकांत ही बेरीज आजही चालते.

टिळक करणाऱ्याकडे पाहतात, रॉल्स सोसणाऱ्याकडे. पण म्हणून हा पूर्व-पश्चिमेचा भेद ठरत नाही. समोर उभ्या असलेल्यांच्या मरणाचा विचार करणारा अर्जुन गीतेतच आहे, आणि अमर्त्य सेन यांनी ‘द आयडिया ऑफ जस्टिस’ या २००९ च्या ग्रंथात त्याचीच बाजू उचलून धरली.

टिळकांच्या निधनाला वर्षही झाले नव्हते, तोच १९२१ मध्ये मुळशी पेट्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. मुंबईला वीज मिळणार, म्हणजे पुष्कळांचे सुख होणार, हे खोटे नव्हते. धरण बांधणाऱ्यांची बुद्धी शुद्ध होती असे क्षणभर धरले, तरी बुडणाऱ्या भातखाचरांना त्याचा काय उपयोग? सेनापती बापटांच्या मागे उभ्या राहिलेल्या मावळ्यांना मिलही ठाऊक नव्हता आणि रॉल्सचा तर जन्मच त्याच वर्षीचा. जमीन त्यांची होती व ती त्यांच्या संमतीवाचून घेतली जात होती. धरण झालेच, गावे पाण्याखाली गेली, आणि हिशेबात त्यांची नोंद रुपयांत झाली.