जुनी मोटार आणि न येणारी एस. टी.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड, अकोले ह्यांपैकी कोणत्याही तालुक्यातील माध्यमिक शिक्षकाच्या, पतसंस्थेतील कारकुनाच्या किंवा चार एकरांवर संसार ओढणाऱ्या शेतकऱ्याच्या घरात आज एक प्रश्न वारंवार चर्चिला जातो. दोन लाखांच्या आत एखादी जुनी छोटी मोटार घ्यावी की न घ्यावी? घरात आई आजारी असते, मुलीचे कॉलेज तालुक्याच्या गावी असते, रात्री-अपरात्री नगरचे हॉस्पिटल गाठावे लागते. शेजाऱ्याने घेतली म्हणून मोटार घेणारे असतातच. परंतु ह्या घरातील चर्चा हौसेची नसते, नाइलाजाची असते. हा नाइलाज कोणी निर्माण केला, हा मुद्दा मात्र त्या चर्चेत कधीच येत नाही.

डाव्या चळवळीतील कार्यकर्त्यांपाशी ह्या प्रश्नाची दोन ठराविक उत्तरे असतात. खासगी मोटार ही भांडवलशाहीने पोसलेली चैन आहे, तिचा मोह टाळावा, हे पहिले उत्तर. हा ज्याचा त्याचा घरगुती प्रश्न आहे, चळवळीने त्यात पडू नये, हे दुसरे. पहिले उत्तर उर्मट आहे आणि दुसरे भित्रे आहे. ज्या गावची मुक्कामाची एस. टी. बंद झाली, त्या गावच्या माणसाला त्यागाचा उपदेश करणे म्हणजे विहीर बुजवणाऱ्याला सोडून तहानलेल्याला दोष देणे होय. आणि ज्या खर्चाने एखाद्या कुटुंबाची दहा वर्षांची बचत रिकामी होते, तो खर्च केवळ घरगुती आहे असे मानणे म्हणजे राजकारणाचा अर्थच न समजणे होय.

क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. सतरा हजार चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक विस्तार आणि चौदा तालुके. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. नाव बदलले म्हणून अंतरे कमी झाली नाहीत. पाथर्डीहून जिल्ह्याचे ठिकाण पन्नासेक किलोमीटरांवर आहे, तर अकोले गावाहून ते शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. ही अंतरे सामान्य माणसाला खासगी मालकाच्या मेहेरबानीवर सोडून तोडता येणार नाहीत, ही जाण स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या राज्यकर्त्यांना होती. म्हणूनच १ जून १९४८ रोजी एस. टी.ची पहिली गाडी धावली, आणि ती धावली पुणे आणि अहमदनगर ह्या दोन शहरांदरम्यान. ज्या जिल्ह्याच्या रस्त्यावर सार्वजनिक वाहतुकीचा हा प्रयोग जन्मला, त्याच जिल्ह्यातील माणूस आज जुन्या मोटारींच्या बाजारात एकटा उभा आहे. ह्या इतिहासाला केवळ योगायोग म्हणून सोडून देता येईल काय?

एस. टी. आपोआप खंगलेली नाही. कोविडपूर्व काळात महामंडळाच्या ताफ्यात अठरा हजारांच्या घरात गाड्या होत्या. नंतरच्या काळात हा आकडा पंधरा हजारांच्या आसपास घसरला. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. राज्य शासनात विलीनीकरण ही त्यांची प्रमुख मागणी होती. एप्रिल २०२२ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेपाच महिने, हा संप चालला. ह्या साडेपाच महिन्यांत ज्यांना वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसावे लागले, त्यांच्यापैकी कित्येकांनी पुढे कर्ज काढून दुचाकी घेतली आणि दुचाकीवर आईला दवाखान्यात नेता येत नाही म्हणून आता त्यांची नजर मोटारीकडे वळली आहे. फेरी बंद होते, म्हणून प्रवासी दुसरीकडे जातो. प्रवासी नाही म्हणून दुसरी फेरी बंद होते. ह्या दुष्टचक्राला अधिकारी ‘प्रवाशांचा बदललेला कल’ असे गोंडस नाव देतात.

आता ज्या बाजारात हा माणूस ढकलला जातो, त्या बाजाराचे स्वरूप पाहावे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ ह्यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पारितोषिकाचा तो पाया ठरला. त्यांचा मुद्दा साधा आहे. गाडीत काय खोट आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, खराब गाडीचा मालक आनंदाने तयार होतो. परिणामी बाजारात खराब गाड्याच अधिकाधिक उरतात. मुक्त बाजार सर्वांचे कल्याण करतो, ह्या सिद्धान्ताला मिळालेला हा तडाखा बाजाराच्या आतूनच आला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. मागे फिरवलेले मीटर, नव्या रंगाखाली दडवलेला अपघात, आर. सी. बुकावर तसाच राहिलेला बँकेचा बोजा, ही सगळी त्या सिद्धान्ताची गावोगावची उदाहरणे होत.

लष्करी वाहनांची कसून परीक्षा घेणारी केंद्र सरकारची संशोधन संस्था ह्याच नगरजवळ आहे. रणगाड्याची तपासणी राष्ट्र करते. परंतु आयुष्यभराची बचत घालून मोटार घेणाऱ्या माणसाला ओळखीच्या मेस्त्रीच्या कानावर विसंबावे लागते. तालुक्याच्या आय. टी. आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालतो, एस. टी.च्या आगारात कसलेले कारागीर असतात. माफक शुल्क घेऊन जुन्या गाडीची तपासणी करून लेखी दाखला देण्याची सोय तेथे करणे मुळीच अवघड नाही. अकरलॉफ ह्यांनी दाखवलेल्या दुखण्यावर हा सार्वजनिक उपाय आहे. तो होत नाही, कारण त्यात कोणाला नफा नाही.

मोटार चांगली निघाली असे गृहीत धरूनही हिशेब मांडून पाहावा. उदाहरणादाखल, गाडी दोन लाखांना घेतली आणि पाच वर्षांनी ऐंशी हजारांना विकली असे समजू. म्हणजे घट वर्षाला २४,००० रुपयांची. अडकलेल्या पैशावरील व्याज वर्षाला सुमारे १२,००० रुपये. विमा ६,००० आणि टायर, बॅटरी, दुरुस्ती मिळून १८,००० धरले, तर गाडी दारात नुसती उभी राहण्याचा खर्च वर्षाला ६०,००० म्हणजे महिन्याला ५,००० रुपये होतो. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि लिटरमागे पंधरा किलोमीटर धरले, तर किलोमीटरला सात रुपये. पाथर्डीहून नगरला महिन्यात पाच वेळा जाऊन यायचे म्हणजे ५०० किलोमीटर, म्हणजेच ३,५०० रुपयांचे पेट्रोल. एकूण ८,५०० रुपये, किलोमीटरला सतरा. महिना तीस हजार मिळवणाऱ्या माणसाची ही साडेआठ दिवसांची कमाई झाली. पाच फेऱ्यांसाठी साडेआठ दिवस राबावे लागते, तेव्हा गाडी माणसाला वाहते की माणूस गाडीला? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच.

ह्याच्या शेजारी एस. टी.चा आकडा ठेवावा. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांची भाडेवाढ होऊनही साध्या बसचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याला सुमारे दहा रुपये झाले. म्हणजे माणशी किलोमीटरला पावणेदोन रुपयांहूनही कमी. चौघांचे कुटुंब पूर्ण तिकीट काढून गेले, तरी किलोमीटरला सात रुपयांच्या आत. इतके तर मोटारीचे नुसते पेट्रोलच जाळते. मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे भाडे आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे. ह्या सवलती योग्यच आहेत आणि त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु जी गाडी येतच नाही, तिच्या तिकिटात निम्मी सवलत म्हणजे नेमके काय?

मोटारवाल्याला सरकार सुखाने जगू देते, असेही नाही. २०२१ साली नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या इथेनॉल आराखड्यातच असे नमूद होते की, जुन्या धाटणीच्या चारचाकी गाड्यांत वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल वापरल्यास इंधनाची कार्यक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटण्याचा अंदाज आहे. २०२५ साली हे मिश्रण देशभर झाले. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला गेला, त्या जिल्ह्यातील ऊस उत्पादकाला इथेनॉलचा भाव मिळावा, ह्याला कोणाचाच विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो भार कोणी सोसायचा हा. नवी मोटार घेणाऱ्याला नव्या इंधनासाठी बनवलेले इंजिन मिळते. जुनी मोटार घेणारा घटलेल्या सरासरीची किंमत खिशातून मोजतो. शिवाय गाडीला पंधरा वर्षे झाली की नोंदणीच्या नूतनीकरणाचे जे शुल्क ६०० रुपये होते, ते एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले.

करांचा इतिहासही बोलका आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या छोट्या मोटारींच्या व्यापाऱ्याच्या नफ्यावरील कर १२ वरून १८ टक्क्यांवर नेला. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या छोट्या मोटारींवरील कर मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आणला. व्यक्तीने व्यक्तीला विकलेल्या गाडीवर हा कर नाही आणि बसवरील करही त्याच वेळी तितकाच उतरला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. तथापि एस. टी.च्या तिकिटातून साडेसतरा टक्के प्रवासी कर वर्षानुवर्षे वसूल होत आला, हेही तितकेच खरे. नव्या मोटारीची स्वस्ताई हा ‘मध्यमवर्गाला दिलासा’ म्हणून गाजवली गेली. बसच्या प्रवाशाने भरलेल्या कराची बातमी कधीच झाली नाही.

लोकांच्या मोटारीचे स्वप्न दाखवण्याची ह्या देशातील परंपरा जुनी आहे. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० तिच्या मालकाच्या हाती देण्यात आली. २००८ साली एक लाखाच्या नॅनोची घोषणा झाली. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. दर वेळी सामान्य माणसाला मोटार देण्याची भाषा झाली. त्याला बस देण्याची भाषा मागे पडत गेली. त्याच्या वाट्याला शेवटी आली ती दुसऱ्याने दहा वर्षे वापरून टाकलेली मोटार.

मग त्या कुटुंबाने काय करावे? महिन्याला चार-पाच फेऱ्यांपलीकडे गरज नसेल, तर मोटार घेऊ नये. गरजेच्या दिवशी गावातील जीप भाड्याने घ्यावी आणि दोन लाख दुखण्याखुपण्यासाठी राखावेत. रोजचा प्रवास असेल, नेहमीचा आजारी घरात असेल आणि बस खरोखरच येत नसेल, तर घ्यावी आणि त्याबद्दल कोणापुढेही ओशाळू नये. मात्र कर्ज काढून घेऊ नये. शक्य तर दोन घरांत मिळून घ्यावी. बोजा उतरल्याची खात्री करावी. चौदा दिवसांच्या आत विमा नावावर करून घ्यावा आणि नोंदणी नावावर करण्याची कागदपत्रे आर. टी. ओ. कडे द्यावीत. विकणाऱ्यानेही हा आग्रह धरावा. कारण गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर राहते, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

परंतु चळवळीचे काम येथे संपत नाही, येथूनच सुरू होते. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आगारात जाऊन दहा वर्षांपूर्वीचे आणि आजचे वेळापत्रक शेजारी शेजारी मांडावे. कोणत्या गावाची कोणती फेरी कधी बंद झाली, ह्याची यादी करावी. ती ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि आगारप्रमुखापासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत तिचा पाठपुरावा करावा. ज्याने मोटार घेतली, त्याला ह्या मोर्चातून वगळू नये. त्याच्याकडे तर सर्वांत भक्कम पुरावा आहे. बंद पडलेल्या फेरीची किंमत किती, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? महिन्याला साडेआठ हजार रुपये, ह्या दराने तो ती नियमितपणे भरतो आहे.