छत्रीच्या कापडाची बंडी

मैत्रिणींनो, दिवाळीच्या फराळाचे डबे घासून पालथे पडले की आमच्या एकलहऱ्यात पहाटे एक ठराविक देखावा दिसू लागतो. अंधारात औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्यांवरचे दिवे तेवढे लुकलुकत असतात, आणि खालच्या रस्त्यानं माकडटोप्या, मफलर, स्वेटरवर स्वेटर अशी गाठोडीच्या गाठोडी मोटारसायकलवर बसून पाळीला निघालेली असतात. कोण कुणाचे यजमान, हे गाडीच्या आवाजावरूनच ओळखायचं! 1970 साली इथला पहिला संच सुरू झाला. पुढे सायकली जाऊन मोटारसायकली आल्या, पण पहाटेची पाळी आणि गोदावरीकडून येणारा गारठा काही बदलला नाही. पलीकडे निफाडला तर पारा कधी कधी 5 अंशांच्याही खाली उतरतो. तिकडचे बागायतदार द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर जागून बागेत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे झाडांना पाणी देतात.

द्राक्षाची एवढी काळजी, आणि आपल्या घरातून पहाटे जाणाऱ्या माणसाला आपण काय सांगतो? "दोन स्वेटर घाला हो!" मीसुद्धा वर्षानुवर्षं हेच सांगत आले. रात्रपाळी करून आले की ह्यांना शर्टाची बटणं काढता येत नसत. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून पाचेक मिनिटं गप्प बसत. मला वाटे, जरा जास्तच करतात! खरं सांगू का, मला थंडी कधी कळलीच नव्हती. मी कायम मागे बसणारी. पुढे ह्यांच्या पाठीची भिंत, आणि मी आपली शाल लपेटून आरामात.

दोन वर्षांपूर्वी मला नाशिकरोडच्या बाजूला एका शाळेत अर्धवेळ शिकवायचं काम मिळालं आणि मी जुनी स्कूटर घेतली. डिसेंबरातली सकाळ होती. माझ्या हातांत लोकरीचे मोजे, अंगात दोन स्वेटर, आणि धाकटी पुढे उभी. सामनगावच्या रस्त्यावर शेतातून एक ट्रॅक्टर एकदम आडवा आला. मी ब्रेक दाबला, म्हणजे दाबतेय असं मला वाटलं. बोटं मिटलीच नाहीत! लाकडाची झाली होती. पाय घासत घासत गाडी कडेच्या गवतात गेली आणि आम्ही दोघी तिथं बसकण मारली. लागलं कुणालाच नाही. पण पोरीचे गाल हातात घेतले तर बर्फ, आणि ओठ निळसर. मग डोक्यात प्रकाश पडला. ह्यांच्या पाठीमागे मी बसत होते ना, तशी माझ्यापुढे ती उभी होती. माझा वारा ती अडवत होती.

घरी आल्यावर हे एवढंच म्हणाले, "कळलं आता?"

तर बायांनो, गाडीवर माणसाला गारठवतो तो वारा. आपल्या अंगाभोवती ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो, आणि स्वेटर तोच थर धरून ठेवतो. पण लोकरीची वीण असते जाळीची. गाडी पळाली की वारा त्या जाळीतून शिरतो आणि तो थर उडवून नेतो. हवा 10 अंश असली आणि गाडी ताशी 40 किलोमीटरनं धावत असली, तर उघड्या कातडीला ती 6 अंशांसारखी बोचते. हवा 8 अंश असेल तर जवळजवळ 3! म्हणून तिसरा स्वेटर चढवण्यापेक्षा वारा अडवणारं एकच कापड वरून घाला. पावसाळा संपला की आपण रेनकोट माळ्यावर टाकतो ना, तो खाली काढा. काहीच नसेल तर वर्तमानपत्राची दुहेरी घडी शर्टाच्या आत छातीपोटावर ठेवा. जुने लोक करत, त्याला हसू नका.

मी मात्र एक बंडी शिवली. आतून फ्लॅनेल, आणि फक्त पुढच्या भागावर मोडक्या छत्रीचं कापड. पाठ मुद्दाम मोकळी ठेवली. सगळीकडून बंद केलं तर आत घाम धरतो, आणि ओल्या बनियनवर पुन्हा वारा लागला की हुडहुडी भरते. गळ्याशी पट्टी उंच घ्या, म्हणजे मफलर नुसता एक वेढा पुरतो. मफलरची टोकं आत खोचलेली हवीत. ओढणीचंही तेच. चाकात गेली तर काय होतं, हे मी लिहायला नको.

हातांचं सांगते, कारण ब्रेक हातात असतो. लोकरीचे मोजे वाऱ्याला काही उपयोगाचे नाहीत, शिवाय लिव्हरवरून निसटतात. आत पातळ सुती आणि वर चामड्याचे, तेही एक माप मोठे घ्या. घट्ट मोजात रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखी गारठतात. हँडलला रेक्झिनच्या खोळी लावतात त्या चांगल्या, पण हात चटकन बाहेर येतो ना आणि ब्रेकला काही अडत नाही ना, हे गाडी उभी असतानाच बघा. बोटं बधिरली तर सरळ थांबा. हात काखेत धरा. घरी आल्यावर कोमट पाणी घ्या. कढत पाणी, शेकोटी, गाडीचा सायलेन्सर, यांच्या नादी लागू नका, कारण बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. मधुमेह असलेल्यांनी तर मुळीच नाही.

माकडटोपीवर हेल्मेट घालणारे महाभाग आमच्याही घरात होते. जाड टोपीमुळे हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही, म्हणून आत पातळ सुती टोपी पुरे. काचेवर वाफ धरत असेल तर आतून किंचित साबण लावून मऊ फडक्यानं पुसा, आणि काच बोटभर उघडी ठेवा.

पोटाकडेही बघा बरं का. उपाशी पोटी शरीर ऊब आणणार कुठून? ह्यांच्या रात्रपाळीच्या डब्यात आता बाजरीच्या भाकरीबरोबर तिळगुळाचा एक लाडू जास्त असतो, तो निघायच्या आधी खायचा. आणि "थोडी घेतली की थंडी पळते" असं कुणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका. दारूनं कातडीकडे रक्त धावतं, गरम वाटतं, पण आतली ऊब उलट बाहेर जाते. शिवाय गाडी चालवायची असते ती वेगळीच!

लहान मूल पुढे उभं करणं मी त्या दिवसापासून बंद केलं. चार वर्षांखालच्या मुलाला मोठ्याशी पट्ट्यानं बांधावं, त्याला हेल्मेट घालावं आणि गाडी ताशी 40 च्या वर नेऊ नये, असा नियम फेब्रुवारी 2023 पासून आहे. आमची धाकटी तेव्हाच चारच्या पुढे होती, पण वाऱ्याला वय कुठं कळतं? आता ती माझ्या मागे बसते, डोक्यावर हेल्मेट, पोटाशी पट्टा. सकाळी पाच मिनिटं जास्त जातात, तेवढीच आधी उठते मी.

ह्यांची बंडी बघून त्यांच्या पाळीतल्या दोघांच्या घरून निरोप आले, माप पाठवलंय म्हणून. आता मोडक्या छत्र्या गोळा करणं चालू आहे. धाकटीचीही कापायला घेतलीय, पण ती अडून बसलीय. काळं कापड नको म्हणते, फुलाफुलांची छत्री मोडेपर्यंत थांबू या.