मृग लागायच्या आत चार गाठी शिकून घ्या!

नेपानगर आणि आसपासच्या गावांतल्या बंधुभगिनींनो,

७ जूनच्या आसपास मृग लागेल. त्याआधीचं वादळ बुऱ्हाणपूर जिल्ह्याला नवं नाही. घडांनी लगडलेल्या केळीच्या बागा एका संध्याकाळीत आडव्या होतात. पाठोपाठ विहिरी भरतात, तापी चढते. अशा प्रत्येक वेळी दोर हाताशी असतो, पण तो नीट बांधणारे हात कमी होत चालले आहेत. म्हणून कळकळीची विनंती: घरातल्या प्रत्येकाने, मुलामुलींसकट, चार गाठी शिकून घ्या. क्लिफर्ड अ‍ॅशले यांच्या १९४४ सालच्या प्रसिद्ध ग्रंथात ३,८०० हून अधिक गाठी आहेत. आपलं काम चारांत भागतं.

अंबाडीचा किंवा काथ्याचा दोर खरखरीत. कशीबशी मारलेली गाठही त्यात टिकायची. आता जिकडेतिकडे नायलॉन. तो गुळगुळीत असतो, अर्धवट गाठ त्यातून सरकते. म्हणून गाठीबाहेर शेंडा वीतभर तरी ठेवा.

पहिली सुरगाठ. गुरांचं दावं खुंट्याला निरगाठीने बांधू नका. गोठ्यात आग लागली किंवा पाणी शिरलं की भेदरलेलं जनावर मागे ओढतं, निरगाठ आवळत जाते आणि विळा शोधण्यात वेळ जातो. सुरगाठीत शेवटी शेंडा दुमडून ओवायचा. तो ओढला की गाठ एका झटक्यात सुटते. गळ्यात मात्र सरकता फास कधीच नको, जीव जातो.

दुसरी सर्वांत मोलाची: न सरकणारा फास. स्काउटमध्ये तिला बोलाइन म्हणतात. दोरात एक लहान वेढा घाला, ती विहीर. वर जाणारा लांब दोर म्हणजे झाड. शेंडा म्हणजे धामण: विहिरीतून वर येते, झाडामागून वळसा घालते, पुन्हा त्याच विहिरीत उतरते. मग दोन्हीकडून घट्ट ओढा. वेढा घालताना लांब दोर खालच्या बाजूला राहिला पाहिजे. तो वर आला तर गाठ बनतच नाही, नुसती सुटून हातात येते. विहिरीत पडलेल्या माणसाकडे असा फास सोडायचा आणि तो काखेखालून घ्यायला सांगायचं. सरकता फास सोडलात तर वर ओढताना तोच छाती आवळेल. केळीच्या खांबालाही हाच फास घाला. सरकता फास वाऱ्यात आवळत जाऊन खांबात रुततो.

नदीत कोणी वाहत असेल तर उडी मारू नका. दोराच्या टोकाला झाकण लावलेली रिकामी कॅन बांधा, ती फेका, मग काठावर आडवे पडून ओढा.

तिसरी, दोन दोर जोडण्याची. बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांवर तुटलेला धागा कारागीर क्षणात सांधतात ती विणकर गाठ, आणि जाड-बारीक दोर जोडण्याची स्काउटची गाठ, दोन्हींची रचना एकच. पुडक्यावर मारायची चौकोनी गाठ (उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर) पुडक्यापुरतीच ठेवा, माणसाचा भार तिच्यावर टाकू नका. चौथी खुंटगाठ, बांबूला आणि मंडपाच्या खांबाला.

शिकून विसरणं हा खरा धोका आहे. दीड मीटर दोर दाराच्या कडीला अडकवून ठेवा. चहा उकळेपर्यंत एक गाठ बांधा, ताणा, सोडा. मग हात ओले करून. मग डोळे मिटून, कारण पुराच्या रात्री बॅटरी धरायला दुसरं कोणी असेलच असं नाही. बोटांना सवय झाली की घाबरलेल्या डोक्याची गरज उरत नाही.

शिकवणारे आपल्याच गावात आहेत. पंडित नेहरूंनी १९५६ साली राष्ट्राला अर्पण केलेल्या आपल्या कागद कारखान्यात जड यंत्रं हलवणारे खलाशी होते. त्यांच्यातले जे निवृत्त काका कॉलनीत आहेत, त्यांच्याकडे मुलांना पाठवा. काका, तुम्हीही बोलावण्याची वाट पाहू नका. स्काउटच्या गुरुजींनो आणि बाईंनो, शाळा उघडेपर्यंत थांबू नका. येत्या रविवारी ओट्यावर दोर घेऊन बसा, गल्लीतल्या बायकांनाही बोलवा. दुपारी घरात आणि गोठ्यात बहुतेक वेळा त्याच असतात.