फिजिक्सचं नंतर बघू!

दहावीचा निकाल लागला की आमच्या जळकोटात पेढ्यांच्या मागोमाग एक प्रश्न घरोघरी फिरतो. परवा बचत गटाच्या बैठकीतही तो निघालाच. एका मैत्रिणीने विचारलं, "ताई, पोरीला डॉक्टर व्हायचंय. लातूरला बायोलॉजीचा क्लास ठरवलाय. फिजिक्सला शेवटी क्रॅश कोर्स लावला तर भागंल का?"

मी विचारलं, "थोरल्याला काय लावलं होतं?" ती गप्प झाली. थोरल्याला दोन वर्षांचा पूर्ण क्लास होता!

लातूरच्या ट्युशन एरियात एकेका विषयाचा क्लास वेगळा लावता येतो. ही सोय खरी. पण पैसा कमी पडला की कात्री फिजिक्सवर चालते, आणि बहुधा मुलीच्याच. हिशेब असा, की नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० बायोलॉजीचे, फिजिक्सचे १८०च. मग फिजिक्सचं नंतर बघू! पण बायोलॉजी पाठांतराने पुष्कळांचं पक्कं होतं. पुढचा-मागचा नंबर ठरतो तो फिजिक्सच्या ४५ प्रश्नांवर. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. २०२५ साली पर्यायी प्रश्नही काढून टाकले, आणि त्या वर्षीच्या फिजिक्सने भल्याभल्या मुलांना घाम फोडला.

दुसरी गोष्ट गणिताची. "डॉक्टर व्हायचंय, गणित कशाला?" असं म्हणून अकरावीला आपण मुलींना गणित सोडायला लावतो. नियमाप्रमाणे ते चालतंही. पण फिजिक्सच्या पहिल्याच धड्यांत सदिश येतात, साइन-कॉस येतात, पुढे डेरिव्हेटिव्ह येतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीपुढे इंग्रजी आणि गणित ही दोन्ही ओझी एकदमच येतात. मुलगी म्हणते, "मला फिजिक्स जमत नाही." खरं तर तिला त्यातलं गणित कुणी शिकवलेलंच नसतं. क्रॅश कोर्स म्हणजे उजळणी. ज्याचा पायाच झाला नाही, त्याची उजळणी कसली करणार?

म्हणून क्लास निवडताना फलकावरचे फोटो बघू नका. (त्या फोटोंतल्या मुलांनी फिजिक्स त्याच क्लासात केलं की फक्त टेस्ट दिल्या, हेही विचारून बघा.) सुरुवातीला लागणारं गणित शिकवतात का? एका बॅचमध्ये मुलं किती? अडलेलं विचारायला रोजची वेळ आहे का, आणि तिथे खुद्द सर बसतात की दुसरंच कुणी? टेस्टमधली चूक समजावून सांगतात की नुसता नंबर लावतात? चार दिवस मुलीला बसू द्या, मग तिलाच विचारा. उदगीरला चांगलं शिकवणारं कुणी असेल आणि ती रोज घरी येऊ शकत असेल, तर लातूरचा हट्ट कशाला?

फीची पावती घ्याच. केंद्राच्या जानेवारी २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, की यशाची हमी देऊन क्लास विकू नये आणि मुलाने मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाची फी परत द्यावी. पैसे भरण्याआधी हे बोलून घ्यावं.

अगदीच जमत नसेल तर एनसीईआरटीची पुस्तकं इंटरनेटवर फुकट आहेत. आयआयटी कानपूरचं 'साथी' हे संकेतस्थळही २०२३ पासून मोफत आहे. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी 'महाज्योती' नीटचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब देते. दहावीनंतर तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

गंमत बघा, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी भरायचं राज्य सरकारने २०२४ साली ठरवलं, त्यात वैद्यकीयही आलं. म्हणजे मुलगी एमबीबीएसला लागली तर फीचा मोठा भार सरकार उचलेल. पण तिथवर पोचायचं ते फिजिक्समधून, आणि तो खर्च मात्र घराने करायचा. तिथेच आपण हात आखडतो.

मैत्रीण म्हणाली, "दोन वर्षांचा लावायचा तर धन्याला विचारावं लागंल." म्हटलं, विचार की! आणि थोरल्याच्या वेळी किती भरले होते, तेही तेव्हाच काढ. सोमवारी ती मुलीला घेऊन दोन क्लास बघायला निघालीय. मीही जातेय सोबत.