भिंतीवरची घोषणा आणि मैदानावरचा खेळ



आपल्या भित्तिपत्रिकेच्या या अंकासाठी गुरुजींनी 'आमचा फुटबॉलचा हंगाम' हा विषय दिला आहे. बाकीच्यांनी सामन्यांची वर्णने लिहिली आहेत, ती शेजारीच चिकटवली आहेत, जरूर वाचा. मी मात्र सामन्याबद्दल थोडे आणि एका भिंतीबद्दल जास्त लिहिणार आहे.

ती भिंत म्हणजे पाण्याच्या टाकीजवळची, मैदानाकडे तोंड असलेली. दिवाळीच्या सुट्टीनंतर आपला संघ ठरला तेव्हा गुरुजी म्हणाले, "संघाला एक घोषणा हवी. सुचवा." सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. त्यांतून माझी निवडली गेली. मग आम्ही चुना लावलेल्या भिंतीवर गेरूने हातभर अक्षरांत लिहिले, 'हार आम्हांला ठाऊक नाही!' उद्गारचिन्ह मी स्वतः काढले. मला फार अभिमान वाटला. येणारेजाणारे वाचायचे, आणि दूध घालायला जाणारे आजोबासुद्धा सायकल थांबवून "झकास" म्हणाले होते.

आज मी असे लिहितो की ती घोषणा चुकीची होती. घोषणा माझीच असल्यामुळे तसे लिहायचा मला हक्क आहे.

झाले काय, ते निम्म्या वर्गाला माहीत आहे, पण पालकांना माहीत नाही म्हणून सांगतो. आपला सात जणांचा संघ, पाच मुले आणि दोन मुली. पहिले दोन सामने आपण जिंकलो. तिसरा सामना ओढ्यापलीकडच्या गावच्या शाळेशी होता. शेवटची पाच मिनिटे राहिली असताना १-१ अशी बरोबरी होती. तेवढ्यात त्यांचा एक मुलगा चेंडू घेऊन एकटाच आत आला आणि चेंडू आमच्या गोलकीपरच्या दोन्ही पायांमधून गेला. आपण हरलो. गोलकीपर सहावीतला. घरी येताना टेम्पोत कोणी त्याच्याशी बोलले नाही. नाही, बोलले. मी बोललो. मी म्हणालो, "तुझ्यामुळे भिंत पुसावी लागणार."

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कोणी म्हणाले ताप आला, कोणी म्हणाले म्हशींमागे जातो. आठवडा झाला तेव्हा त्याची आई शाळेत आली. गुरुजी तालुक्याला गेले होते आणि बाई पहिलीच्या वर्गावर होत्या. मी टाकीवर पाणी पीत होतो. काकींनी मला हाक मारली आणि भिंतीकडे बोट करून विचारले, "काय लिवलंय रं त्ये?" त्यांना वाचता येत नाही. मी वाचून दाखवले. त्या जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हार तुमास्नी ठावं न्हाई. मग ती समदी एकट्या माझ्या लेकराच्या वाट्याला कशी आली रं?"

मला उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे तेच उत्तर आहे असे समजा. उशीर झाला एवढेच.

ज्या घोषणेत हरायला जागाच नाही, ती हरल्यावर कोणाला तरी संघाबाहेर काढते. 'आम्हांला' हार ठाऊक नाही असे लिहिले की हरल्यानंतर 'आम्ही' कोण आणि 'तो' कोण याची वाटणी सुरू होते. सहा जण आम्ही झालो आणि सातवा तो झाला. संघ जोडायला लिहिलेल्या अक्षरांनीच संघ फोडला. म्हणून माझे मत असे की जी घोषणा हरल्याच्या संध्याकाळी मोठ्याने म्हणता येत नाही, ती जिंकल्याच्या दिवशीही भिंतीवर नको.

गुरुजींना हे सगळे पटलेले नाही, हेही प्रामाणिकपणे लिहितो. ते म्हणतात, हरल्याचे वाईट वाटलेच पाहिजे, नाहीतर मूल सरावाला लवकर उठणार नाही. वाईट वाटावे हे मलाही मान्य आहे. पण सगळ्यांना सारखे वाटावे.

तो गोल नक्की कसा झाला हे गुरुजींनीच आम्हांला मैदानावर खडे मांडून दाखवले. एकेक खडा म्हणजे एकेक खेळाडू. मला वाटत होते की गोल म्हणजे गोलकीपर आणि चेंडू, एवढाच मामला. पण खडे मागे मागे सरकवत गेलो तेव्हा दिसले की चेंडू आधी आमच्याच एका मुलीकडे होता. तिने मोकळ्या मुलाला पास न देता तिघांतून एकटीने काढायचा प्रयत्न केला. चेंडू गेला. मधला खेळाडू 'फाऊल, फाऊल' म्हणत हात वर करून उभा राहिला. आणि डावीकडचा बचाव करणारा जागेवर नव्हताच. तो गोल करायची हौस म्हणून पुढे गेला होता आणि परत धावत आला नाही, चालत आला. तो डावीकडचा खडा म्हणजे मी. गोलकीपरपर्यंत चेंडू पोचतो तो बाकीच्यांना ओलांडूनच पोचतो. फुटबॉलमध्ये सगळ्यांची चूक कोणाला दिसत नाही, शेवटच्याची तेवढी दिसते.

आता मोठ्या खेळाडूंचे उदाहरण देतो. २०१७ साली १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळला गेला आणि शाळांना चेंडू मिळाले. आपल्या कपाटात ठिगळ लावलेला जो जुना चेंडू आहे तो त्या वेळचाच, हे आताच्या लहान मुलांना माहीत नसेल. त्या विश्वचषकात भारताच्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारताचे तीन सामने दिल्लीला झाले. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४, असे तिन्ही हरलो. कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने कॉर्नरवर डोक्याने केलेला गोल हा विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. म्हणजे तो गोलसुद्धा हरलेल्या सामन्यातलाच. त्या मुलांना हार चांगलीच ठाऊक झाली. तरी आमच्या मामाने अनिकेतचे छायाचित्र घरात लावले ते लावलेच.

दुसरे उदाहरण जपानचे. २०१८ च्या विश्वचषकात रशियात त्यांचा बेल्जियमशी सामना होता. २-० ने पुढे होते आणि शेवटी ३-२ ने हरले, तोही शेवटचा गोल अगदी अखेरच्या क्षणी खाऊन. एवढे झाल्यावर कोणीही दार आपटून निघून गेले असते. पण ज्या खोलीत त्यांनी कपडे बदलले ती त्यांनी झाडून-पुसून लखलखीत केली आणि रशियन भाषेत 'आभार' असे लिहिलेली चिठ्ठी ठेवून ते घरी गेले. गुरुजींनी हे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "म्हणजे आमचीच पाळी." (त्या दिवशी सफाईची पाळी त्यांचीच होती.) मला विचाराल तर ती चिठ्ठी हीच खरी घोषणा. हरल्यावर लिहिता आली म्हणून.

आपला जिल्हा तर फुटबॉलवेडा. माझा मामा कोल्हापुरात राहतो. तो मला दोनदा शाहू स्टेडियमला घेऊन गेला आहे. तिथल्या संघांची नावे ऐकली तर परगावच्या माणसाला वाटेल की कुस्त्यांचा फड आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा, आणि तिचाच फुटबॉलचा संघ. लोक गळा फाडून ओरडतात ते बहुतेक करून आपापल्या तालमीचे नाव. मामा सांगतो की तालमीत कुस्तीला उतरण्याआधी पैलवान मिळून हौद्यातली लाल माती खणतात. मोठा पैलवान असो की काल आलेला पोरगा असो, खोरे सगळ्यांच्या हातात. भिंतीवर काय लिहिले आहे हे तिथे कोणी विचारत नाही. संघ बांधायचा तर मला ही माती खणण्याची रीत फार आवडते. आपल्या मैदानावरचे खडे वेचणे, चुन्याच्या रेघा मारणे, चेंडूत हवा भरणे ही कामे आजवर लहान मुलेच करत होती आणि आम्ही सातवीतले फक्त खेळायला उतरत होतो. हे मी कबूल करतो. आता पाळ्या लावल्या आहेत, पहिली पाळी माझी.

घोषणाच नको, असे मात्र माझे म्हणणे नाही. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या संघाचे अ‍ॅनफिल्ड नावाचे मैदान आहे. तिथे मैदानात उतरायच्या वाटेवर एक पाटी आहे, 'हे अ‍ॅनफिल्ड आहे.' बस्स, एवढेच. बिल शँक्ली नावाच्या त्यांच्या मार्गदर्शकाच्या काळात ती लागली. फुशारकी नाही, शिवी नाही, फक्त घराचे नाव. लिव्हरपूलवाले तिथे जिंकलेही आहेत आणि हरलेही आहेत, पाटी खोटी ठरली नाही.

मला वाटते आपली घोषणा खेळताना करता येईल अशी असावी. 'सिंहासारखे लढा' असे लिहिले तर मैदानात नेमके काय करायचे? सिंहाला पास देता येत नाही. त्यापेक्षा 'चेंडू गेला की मागे फिर' हे लिहा. हे माझ्यासारख्याला रोज वाचायला हवे. किंवा 'नाव घेऊन पास दे'. नाव घेतले की ज्याला पास द्यायचा तो तयार होतो, आणि मुख्य म्हणजे सातही जणांची नावे सामन्यात कोणी ना कोणी तरी हाकारतो. तिसऱ्या सामन्यात गोलकीपरचे नाव आम्ही एकदाच घेतले होते, गोल झाल्यावर. पाचवीतल्या एका मुलीने सुचवले, 'गोल झाला तर सगळे गोलकीपरकडे जा.' हे घोषणेसारखे वाजत नाही, यमक नाही, काही नाही. पण मला वाटते तिचीच चिठ्ठी सगळ्यांत चांगली.

पालकांनाही एक सांगायचे आहे. लहान तोंडी मोठा घास झाला तर माफ करा. सामन्याच्या वेळी रेघेबाहेरून "तंगडीत घाल!", "आडवा कर!", "अरं झोपलास का!" असे ओरडले जाते. आमचे बापूही ओरडतात. त्याही घोषणाच की. आम्हांला भिंतीवरच्यापेक्षा त्या जास्त ऐकू येतात, आणि ज्याच्या नावाने ओरडतात त्याचे पाय आणखी लटपटतात. ओरडा जरूर, पण "मागं बघ", "डावीकडं मोकळा हाय" असे काही कामाचे ओरडा.

गेल्या रविवारी आम्ही भिंतीला चुन्याचे दोन हात दिले. गेरू फार पक्का असतो. ऊन पडले की 'हार' ही दोन अक्षरे अजून आतून तांबूस दिसतात. तिसरा हात द्यायला चुना उरला नाही.

गोलकीपर शाळेत यायला लागला आहे. मी त्याच्या घरी गेलो होतो, काकींनी चहा दिला. त्याला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. मैदानात तो अजून उतरत नाही, चिंचेच्या पारावर बसून बघतो. काल चेंडू घरंगळत पाराखाली गेला तेव्हा त्याने तो उचलला. लाथेने परत न मारता दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि मग माझे नाव घेऊन फेकला.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ओढ्यापलीकडच्या शाळेचा संघ आपल्या मैदानावर येणार आहे. खांबांमध्ये कोण उभे राहील ते अजून ठरलेले नाही, जागा रिकामी ठेवली आहे. टाकीचे पाणी दुपारी संपते, तेव्हा पालकांनी येताना एकेक कळशी आणावी. पाहुण्यांनाही लागेल.

इयत्ता सातवी, डावीकडचा खेळाडू